चार्जिंगच्या वेळी बोटीत जमणारा वायू

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्याला एक प्रश्न पडायला हवा: आधीचं पाणी गेलं कुठे? काही वाफ होऊन उडालं, पण बरंचसं चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बाहेर पडलं. 12 व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीला 14.4 व्होल्टच्या आसपास दाब मिळाला की हे विघटन जोर धरतं. ‘बॅटरी उकळतेय’ असं म्हणतात, ते बुडबुडे या वायूंचेच.

प्रमाण ऐकून दचकायला होतं. केवळ 100 मिलिलिटर पाण्यातून सुमारे 130 लिटर हायड्रोजन तयार होतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी पेटू शकतो, म्हणजे तीन घनमीटर हवा धोकादायक करायला एवढा पुरे. बोटीतला डेकखालचा बंद कप्पा याहून कितीतरी लहान असतो.

त्यात बोटीची आणखी एक अडचण. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. हायड्रोजन हलका, तो कप्प्याच्या छताला जाऊन बसतो. तळाची हवा खेचणारा पंखा त्याला हातही लावत नाही. बॅटरीच्या कप्प्याला हवेची वाट सगळ्यात वरच हवी, आणि ठिणगी पाडू शकणारा चार्जर किंवा स्विच त्या कप्प्यात नकोच. हायड्रोजनला पेटायला फार क्षुल्लक ठिणगी लागते. चालू चार्जरचे चिमटे काढताना पडते तेवढीही पुरते. म्हणून आधी चार्जर बंद, मग चिमटे. घाईत नेमका हाच क्रम उलटा होतो.

समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं तर वेगळंच संकट: मिठातून विषारी क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धातल्या पाणबुड्यांवर खलाशांना त्याची मोठी धास्ती असे.

‘सीलबंद’ या शब्दावरही फार विसंबू नये. त्या बॅटरीला झडप असते, आणि चार्जर बिघडून आतल्या वायूचा दाब वाढला की ती उघडते.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी नेहमीच्या वापरात असा वायू सोडत नाही. पण ती मिळेल तेवढा करंट ओढते, त्यामुळे इंजिनावरचा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय तिच्या संरक्षक सर्किटने चार्जिंग अचानक तोडलं, तर उसळलेल्या व्होल्टेजने त्याच अल्टरनेटरचे डायोड जातात. जुन्या बॅटरीच्या जागी ती बसवताना चार्जिंगची सगळी जोडणी तिला साजेशी करून घ्यावी लागते.