‘सिंक’च्या बटणाआधी: बीट जुळवण्याच्या कसबाची पार्श्वभूमी

टेबलावर मावणारा कंट्रोलर (चाकं आणि बटणं असलेली पेटी), लॅपटॉप आणि हेडफोन एवढ्या सामानावर आज कुणालाही हौसेने डीजेइंग शिकता येतं. दोन गाण्यांचे ठोके जुळवायचं काम ‘सिंक’चं बटण क्षणात करून टाकतं. मुरलेले डीजे मात्र नवशिक्याला सांगतात की सुरुवातीला त्या बटणाला हात लावू नकोस. हा जुन्या माणसांचा हेका आहे असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण या कसबाच्या इतिहासात आहे.

न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात, एकेकाळी जर्मन बाप्टिस्ट चर्च असलेल्या इमारतीत ‘सँक्चुअरी’ नावाचा क्लब होता. १९७०च्या आसपास तिथे फ्रान्सिस ग्रासो रेकॉर्डी लावायचा. एरवी क्लबांमधली रीत साधी होती: एक गाणं संपलं की दुसरं लावायचं. ग्रासोने रेडिओवाल्यांची एक युक्ती उचलली. खाली थाळी फिरत असायची, तिच्यावर घसरतं कापड आणि कापडावर रेकॉर्ड. रेकॉर्डची कड बोटाने धरून ठेवायची, आणि नेमका ठोका आला की बोट सोडायचं. एका कानाला हेडफोनमधलं पुढचं गाणं, दुसऱ्या कानाला हॉलमधलं चालू गाणं. त्यापुढे जाऊन तो दोन गाणी बराच वेळ एकावर एक चालवायचा.

ती गाणी हाडामांसाच्या ड्रमरने वाजवलेली होती, हे विसरून चालणार नाही. रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ठरल्या वेगाने ठोके वाजवणारं ड्रम मशीन आलं १९८० मध्ये. त्याआधीच्या रेकॉर्डींवर ड्रमर अंतऱ्यात किंचित पुढे सरकायचा, शेवटाकडे आणखी चढायचा. म्हणजे ठोके एकदा जुळवून भागत नव्हतं, मिश्रण चालू असेपर्यंत बोटाने सांभाळत राहावं लागायचं. इतक्या तुटपुंज्या साधनांवर ग्रासोने हे साधलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्कच्या बहिणीने पार्टी ठेवली होती. नाचणारे गाण्यातल्या निव्वळ तालाच्या तुकड्याची वाट पाहतात, हे हर्कने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवण्याची पद्धत त्याने रूढ केली. ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेने त्यात काटेकोरपणा आणला. रेकॉर्डवर खडूची खूण करायची आणि तबकडी किती फेरे मागे न्यायची ते मोजायचं. १९७५च्या सुमारास ग्रँड विझर्ड थिओडोर नावाच्या कोवळ्या मुलाने घरच्या सरावातून ‘स्क्रॅच’ शोधला. आई आवाज कमी कर म्हणून सांगायला आली, तेव्हा त्याने हाताखाली धरलेली रेकॉर्ड पुढेमागे हलवली, असं तो स्वतः सांगतो.

पुढच्या डीजेंच्या हाताला बळ दिलं जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलने, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राने. ते १९७२ मध्ये आलं. पट्ट्याऐवजी मोटर थेट थाळी फिरवायची, त्यामुळे तबकडी धरून सोडली की वेग चटकन सावरायचा. १९७९च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग ८ टक्के कमीजास्त करणारी सरकपट्टी आली. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२४ वर न्यायचं तर पट्टी साधारण ३.३ टक्क्यांवर ठेवायची. पण रेकॉर्डचा वेग वाढला की सूरही चढतो. सुमारे ६ टक्क्यांना काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं, म्हणून सुराचाही कान लागायचा.

गोव्यात साधनांनी वेगळीच शिस्त लावली. हणजूणच्या उघड्यावरच्या पार्ट्यांत उन्हाने आणि धुळीने रेकॉर्डींचा निभाव लागेना, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि पुढे डॅट या छोट्या डिजिटल टेपकडे वळले. तिथला नावाजलेला डीजे गोवा गिल याने तर अखेरपर्यंत डॅट सोडली नाही. डॅटवर वेग बदलायची सोय सहसा नव्हती. त्यामुळे सगळा भर गाण्यांच्या क्रमावर, संथ सुरुवाती-शेवटांवर आणि रात्र कुठून कुठे न्यायची याच्या जाणिवेवर राहिला. ठोके न जुळवताही डीजे थोर ठरू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

डिजिटल टप्पा थोडक्यात सांगता येतो. २००१ मध्ये पायोनियर कंपनीच्या सीडीजे-१००० या यंत्राने सीडी रेकॉर्डसारखी हाताळायला दिली. २०१२च्या सीडीजे-२००० नेक्ससवर क्लबमध्येच ‘सिंक’ आलं.

हे बटण यंत्राने आखलेल्या ठोक्यांच्या जाळीवर चालतं. लग्नात जुनं हिंदी गाणं किंवा जिवंत ढोलकीवरचं कोळीगीत लावलं की जाळी हळूहळू सरकते आणि बटणाचा हिशेब चुकतो. शिवाय ठोके जुळले तरी गाण्यांचे टप्पे जुळतीलच असं नाही. नृत्यसंगीतात बहुतेक बदल ३२ ठोक्यांच्या घेऱ्यात होतात. घेरा चुकला तर प्रत्येक मात्रा बरोबर असूनही तबला आणि गायक वेगवेगळ्या समेवर आल्यासारखं वाटतं.

म्हणूनच जाणते डीजे घरी शिकणाऱ्याला स्क्रीन झाकून दोन गाणी कानाने जुळवायला सांगतात. गाणी सुटू लागली की बेस ड्रमचा एक ‘धप्’ दोन होऊन ऐकू येतो. त्यातला पुढचा कुठल्या गाण्याचा, हे ओळखणं सर्वांत अवघड. कंट्रोलरवरचं चाक पुढे ढकलायचं की मागे ओढायचं हे ठरवण्यात नवशिक्याचं अर्धं गाणं निघून जातं. हात बसलेल्या माणसाला दोन-चार ठोके पुरतात.