तुर्कस्तानचं बात्मान आणि कॉमिक्समधला बॅटमॅन

रोमन लिपीत ही दोन्ही नावं हुबेहूब सारखी लिहिली जातात, सगळा घोळ तिथेच होतो. देवनागरीत तो होऊ नये. तुर्की भाषेत या नावातले दोन्ही ‘a’ सरळ ‘आ’ उच्चारतात, म्हणून शहर बात्मान आणि मुखवटा घालणारा नायक बॅटमॅन.

बॅटमॅनची फोड सोपी आहे: वटवाघूळ-माणूस. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ साली त्याला अमेरिकन कॉमिक्समध्ये आणलं.

शहराची गोष्ट मात्र सावकाश सांगावी अशी. आग्नेय तुर्कस्तानात पूर्वी इलुह नावाचं खेडं होतं. १९४० मध्ये जवळच्या रामान डोंगरात तेल सापडलं, १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना आला आणि खेड्याचं शहर झालं. १९५७ मध्ये इलुह हे नाव जाऊन शेजारच्या नदीचं नाव शहराला मिळालं. सनावळी पाहणारा माणूस इथे हमखास चकतो. शहराचं नाव कॉमिक्सनंतरचं आहे खरं, पण टायग्रिसला मिळणारी बात्मान नदी त्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव सांगते.

नदीला ते कशावरून मिळालं? काहींच्या मते ‘बाती रामान’, म्हणजे पश्चिम रामान, हे आखडून. काही जण बात्मान या जुन्या वजनाच्या मापाकडे बोट दाखवतात. मला हे दुसरं मत फार आवडतं, कारण इराणात बात्मानलाच ‘मन’ही म्हणत. आपल्या मणाचाच तो भाऊबंद! वजनं अर्थात वेगळी: आपला मण ४० शेरांचा, उस्मानी बात्मान पावणेआठ किलोंच्या आसपास.

शहर जगभर गाजलं ते २००८ मध्ये. बॅटमॅनचा नवा चित्रपट जोरात चालू असताना महापौर हुसेयिन काल्कान यांनी, आमचं नाव न विचारता वापरलं म्हणून निर्मात्यांवर दावा ठोकू, असं जाहीर केलं. पुढे २०१८ मध्ये प्रांताची सीमा बॅटमॅनच्या चिन्हासारखी करा, अशी ऑनलाइन मागणी झाली आणि हजारोंनी सह्या केल्या.

लोक तिथे नावाच्या पाटीजवळ फोटो काढतात. काढावेत, पण याच नदीवर सिल्वानजवळ ११४७ सालचा मालाबादी पूल आहे, तोही पाहावा. त्याची एकच टोकदार दगडी कमान सुमारे ४० मीटर रुंद पात्र ओलांडते.