चेस्टरफिल्डच्या मनोऱ्याला पीळ का पडला?

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये चेस्टरफिल्ड गावी सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे जुनं चर्च आहे. त्याच्या दगडी घंटाघरावर १३६२च्या सुमारास सुतारांनी ओकचं उंच, निमुळतं, अष्टकोनी छप्पर चढवलं. त्याचं टोक जमिनीपासून २२८ फुटांवर आहे. आज ते मध्यापासून साडेनऊ फूट नैर्ऋत्येकडे कललंय आणि अख्ख्या शिखराला ४५ अंशांचा पीळ पडलाय.

याचा दोष बहुतेक वेळा ओल्या लाकडाला दिला जातो. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या काळी ओक ओलाच कापत आणि जोडत, कारण वाळल्यावर त्याच्यावर हत्यार चालवणं जिकिरीचं होतं. लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ आटत नाही. गाभ्याकडून सालीकडे मात्र ते आटतं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. या असमान आटण्याने वासे वाकतात, पिळतात. पण याच रीतीने बांधलेली कितीतरी छपरं शतकानुशतकं सरळ उभी आहेत.

खरी उणीव तिरप्या आधारांची. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यांत खिळे ठोकूनही ढकलली की झुकते. कर्णावर पाचवी काठी ठोका, ती जागची हलणार नाही. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. घराच्या छपरात कैची, म्हणजे वाशांची त्रिकोणी चौकट, हेच काम करते, पण एकाच प्रतलात. शिखरावर वारा आठही दिशांनी येतो, शिवाय सांगाडा स्वतःभोवती फिरू शकतो. म्हणून प्रत्येक उतरत्या बाजूला तिरपे आधार लागतात. चेस्टरफिल्डला ते पुरेसे नाहीत. १३४८-४९च्या प्लेगमध्ये जाणते कारागीर गेले, त्यामुळे ही कसर राहिली असावी, असा कयास केला जातो.

अशा सांगाड्यावर सुमारे ३३ टन शिशाचे पत्रे आहेत. शिसं उन्हात भरपूर प्रसरण पावतं: ४० अंशांच्या फरकाने तीन मीटरचा पत्रा साडेतीन मिलिमीटरने वाढतो. इंग्लंडमध्ये ऊन दक्षिणेकडून येत असल्याने ती बाजू जास्त तापते आणि तिथलं लाकूडही आधी वाळतं. एकदा टोक कललं की वरचं वजनच त्याला आणखी खाली ओढतं. पत्रे तिरप्या नक्षीत बसवलेत, त्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त दिसतो, हेही ध्यानात ठेवावं.

मग शिसं काढून हलके पत्रे का घालू नयेत? मला हा उपाय धोक्याचा वाटतो. शिखर खालच्या दगडी बुरुजावर मुख्यतः स्वतःच्या भारानेच बसलेलं आहे. वारा त्याला उलथू पाहतो तेव्हा विरोध करतं ते वजनच, आणि त्यातला मोठा वाटा याच शिशाचा आहे.