प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही

"मागचा शॉक मऊ वाटतोय? प्रीलोड दोन खाचा वाढव, स्प्रिंग कडक होईल." स्पोर्ट बाईकवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चूक आहे. प्रीलोड म्हणजे शॉकवरची रिंग आवळून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवर ठरतो. एक मिलिमीटर दबायला 9 किलो लागणारी साधी स्प्रिंग रिंग कितीही आवळली तरी पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला 9 किलोच मागते. बदलते ती उंची, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली जाते ते. यालाच सॅग म्हणतात.

म्हणून खर्चाआधी सॅग मोजा. मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून वरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग जॅकेट-हेल्मेटसकट बसा आणि मित्राला पुन्हा मोजायला सांगा. रस्त्यावरच्या गाडीला फरक साधारण 30 ते 40 मिमी हवा. प्रीलोड कमी-जास्त करून तो जमवा आणि खाली उतरा. आता नुसत्या स्वतःच्या वजनाने गाडी 5 ते 10 मिमी बसायला हवी. अजिबात बसत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला खरोखर मऊ आहे. उलटं वाटतं ना? पण मऊ स्प्रिंगला तुमचं वजन पेलायला आधीच इतकं दाबून ठेवावं लागतं की नुसत्या गाडीने ती हलतच नाही. अशा वेळी स्प्रिंग बदलण्यावर पैसे जरूर घाला.

खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल तर दोष डॅम्पिंगचा, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं तेलाने आवरणाऱ्या यंत्रणेचा. तिथे रिबाउंडचा (दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उसळते ते ठरवणारा) स्क्रू बघा, फोर्कचं, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचं, जुनं तेल बदला; नवा शॉक त्यानंतर.