बेल्ट शिवून मिळणार नाही

रबाळ्याच्या आमच्या दुकानात दर महिन्याला कुणी ना कुणी क्रेनने माल उचलायचा कापडी बेल्ट घेऊन येतं, काउंटरवर पसरतं आणि म्हणतं, "कडेला थोडासाच कापलाय, दोन टाके मारून द्या." आम्ही मारून देत नाही. कृपया राग मानू नका. वजन पेलतात ते पट्ट्याच्या लांबीत धावणारे धागे. ते एकदा तुटले की वरच्या टाक्यांनी ताकद परत येत नाही. शिवलेला बेल्ट धड दिसतो एवढंच, आणि तुमचा खलाशी, म्हणजे माल बांधून क्रेनला लावणारा कामगार, त्या दिसण्यावर भरवसा ठेवून मालाजवळ उभा राहतो.

लेबल गेलेल्या बेल्टचंही तेच. जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८ आणि नारिंगी १० टन व त्यापुढे, हा रंगांचा संकेत बहुतेक ठिकाणी चालतो. पण उन्हाने विटलेला हिरवा आणि मुळातला राखाडी यांत २ टनांचा फरक आहे. म्हणून रंग बघा, पण विश्वास लेबलवरच्या आकड्यावर ठेवा. "बेल्ट तुटायला सातपट वजन लागतं, थोडं जास्त चालतं" असंही ऐकू येतं. ती सातपट नव्या, सरळ ताणलेल्या, कुठेही न कापलेल्या पट्ट्याची. तुमच्या शेडमधल्या धक्क्यांसाठी आणि झिजेसाठी ती राखून ठेवलेली आहे, ती वापरून टाकू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती कोनात. समजा २ टनांचं मशीन दोन बेल्टांवर उचलायचं आहे. दोन्ही बेल्ट सरळ उभे असतील तर प्रत्येकावर १ टन येतो. जमिनीशी ६० अंशांचा कोन झाला की १.१५ टन, ४५ अंशांना १.४१ टन. आणि बेल्ट ३० अंशांपर्यंत पसरले की प्रत्येकावर पूर्ण २ टन! माल तोच, बेल्ट तेच, ताण दुप्पट. शेडची उंची कमी पडते म्हणून आखूड बेल्ट लावले जातात आणि नेमकं हेच घडतं. कोन मोजायचं साधन लागत नाही. मालावरच्या दोन पकडींमधलं अंतर मोजा. प्रत्येक बेल्ट निदान तेवढा लांब असला की कोन ६० अंशांखाली जात नाही. ही एक गोष्ट तुमच्या खलाशांना समोर बसवून, दोरी हातात घेऊन शिकवा, अशी आमची मनापासून विनंती आहे. फास घालून उचलताना ताकद लेबलच्या ८० टक्केच धरायची, हेही त्याच वेळी सांगा.

दुसरा शत्रू कड. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आलेल्या प्लेटची किंवा चॅनेलची कड ताणलेल्या पट्ट्याला सुरीसारखी लागते. कोपऱ्याला गार्ड लावा. गोणपाटाचा तुकडा म्हणजे गार्ड नव्हे.

उचलण्याआधी बेल्ट पूर्ण लांबीने हातातून फिरवा, दोन्ही बाजूंनी. कडेचे काप, उसवलेली शिलाई, वितळून चकाकणारे किंवा कडक झालेले डाग आणि दोन्ही टोकांचे डोळे आतून तपासा. हूक तिथेच घासतो. काही सापडलं तर तो बेल्ट बाजूला ठेवून भागत नाही, कापून दोन तुकडे करा. भंगारात अख्खा टाकलेला बेल्ट रात्रपाळीला पुन्हा क्रेनवर दिसतो.

महापे, तुर्भे, तळोजा पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांसाठी वेगळं सांगणं आहे. बेल्टचा रंग टन सांगतो, लेबलचा रंग धागा कशाचा ते सांगतो. निळ्या लेबलचा पॉलिस्टर बेल्ट बऱ्याच आम्लांपुढे टिकतो, पण कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली त्याला खातो. हिरव्या लेबलच्या नायलॉनचं नेमकं उलट. तेलकट पॉलिस्टर बेल्ट गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुतात, तेही नुकसानच. साधं थंड पाणी घ्या आणि सावलीत वाळवा. १०० अंश सेल्सिअसपेक्षा गरम मालाला पॉलिस्टर लावूच नका. पावसाळ्यात ओला बेल्ट लोखंडी रॅकवर किंवा जमिनीवर न टाकता खुंटीला टांगा.

वायर रोपवर, म्हणजे पोलादी तारांच्या दोरावर, हात फिरवू नका, फडकं फिरवा. तुटलेल्या तारेत ते अडकतं. पीळ सुटून पिंजऱ्यासारखा फुगला असेल किंवा मुरड पडली असेल तर तो रोप बाद. चेनची झीज कड्या एकमेकींत बसतात तिथे मोजा; जाडी १० टक्के घटली की चेन बाद. आणि चेन आखूड करायला गाठ कधीही मारू नका.

वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी करून नोंद ठेवायची, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ मध्ये होती (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) आणि त्यात स्लिंग (माल उचलायचे दोर, चेन), हूक, शॅकल (जोडायची कडी) सगळं येत होतं. रोज वापरातल्या बेल्टला मात्र वर्ष फार लांब. आमच्या मते तीन महिन्यांनी एकदा तरी सगळे बेल्ट टेबलावर काढून बघावेत.

नवा बेल्ट मागवताना नुसते टन सांगू नका. मालाचं वजन, पकडींमधलं अंतर, हुकाची उंची, माल गरम आहे का, आसपास कोणतं केमिकल आहे, हे कळवा. आणि जुना बेल्ट सोबत आणा. तो कुठे झिजलाय ते बघून गार्ड कोणतं लागेल ते आम्हाला सांगता येतं.