सीसराचे रथ आणि किशोनचा चिखल

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकात एकच लढाई लागोपाठ दोनदा येते: चौथ्या अध्यायात गद्यात, पाचव्यात गीतात. एका बाजूला कनान प्रदेशातल्या हासोर शहराचा राजा याबीन याचा सेनापती सीसरा आणि त्याचे 900 लोखंडी रथ. दुसऱ्या बाजूला डोंगराळ भागातले इस्राएली, न्यायनिवाडा करणारी दबोरा आणि तिने बोलावून घेतलेला बाराक. ‘तू येणार असशील तरच मी जाईन,’ असं बाराक तिला म्हणतो. ती निघते, पण सीसरा एका बाईच्या हातून संपणार, श्रेय तुला नाही, हेही बजावते.

गद्यात लढाई दोन ओळींत आटोपते. देवाने सैन्याची दाणादाण उडवली आणि सीसरा रथातून उतरून पायी पळाला. दिमतीला घोडे असताना सेनापती पायी का पळेल? उत्तर गीतात आहे. तिथे मेघ पाणी ओततात, आकाशातले तारे सीसराशी लढतात आणि किशोन नदी त्याच्या माणसांना वाहून नेते. अनेक अभ्यासकांच्या मते हे गीत गद्यापेक्षा जुनं, बायबलमधल्या सर्वांत जुन्या मजकुरांपैकी एक आहे.

आता रथ. अख्खा लोखंडाचा रथ दोन घोड्यांना पळवता आलाच नसता. इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या 1922 साली सापडलेल्या थडग्यातले रथ वाकवलेल्या लाकडाचे आणि चामड्याचे, वजनाला अगदी हलके आहेत. सीसराच्या रथांना लोखंड असलंच, तर ते पट्ट्या नि खिळ्यांपुरतं असेल. मला तर ‘लोखंडी’ हा शब्द रथांच्या बांधणीपेक्षा डोंगरातल्या पायदळाची धास्तीच जास्त सांगतो असं वाटतं. आकडा मात्र अगदीच हवेतला नाही. ही लढाई ज्या मैदानात झाली त्याच्याच काठावर, मगिद्दोला, काही शतकं आधी 924 रथ हस्तगत केल्याची नोंद इजिप्तचा फॅरो, म्हणजे राजा, तिसऱ्या थुतमोसने कर्नाकच्या मंदिरात कोरून ठेवली आहे.

हे मैदान म्हणजे इज्रेलचं खोरं. सपाट, सुपीक, उन्हाळ्यात रथ उधळायला झकास. पण तिथली जमीन बरीचशी भारी, चिकणमातीची. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तिचा स्वभाव वेगळा सांगायला नको. वापसा आल्याशिवाय अशा रानात कोणी औत घालत नाही. या मातीतल्या स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचे कण अतिशय पातळ थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात, वाळले की आकसून जमिनीला भेगा पडतात. ओली माती चिकट होते आणि तिची भार पेलण्याची ताकद घटते. रथाची चाकं अरुंद, म्हणजे सगळं वजन थोड्याशा जागेवर. चाक रुतलं की घोडे जितका जोर लावतील तितकं ते आणखी खोल जातं. त्यात उतार कमी, पाण्याला निचरा नाही. पायदळही चिखलात मंदावतं, पण डोंगरउतारावर थांबलेल्याला निदान वेळ निवडता येते.

किशोनचा काठ पुढेही घोडदळाला नडला. पहिल्या महायुद्धात, 23 सप्टेंबर 1918 रोजी, हैफा शहरावर चाल करताना जोधपूर लान्सर्स या भारतीय घोडदळाला नदीकाठच्या रुतत्या वाळूमुळे वाट बदलून कार्मेल डोंगराच्या पायथ्याकडे वळावं लागलं. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकाशी जोडलेली लढाई ती हीच.

सीसरा पळत पोचतो तो हाबेर केनीची बायको याएल हिच्या तंबूत. तो पाणी मागतो, ती दूध देते, पांघरूण घालते आणि झोपल्यावर त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते. तंबू उभारणं हे भटक्या पशुपालकांत बहुधा बायकांचं काम, म्हणजे मेख आणि हातोडा तिच्या रोजच्या वापरातले. धास्तीचं लोखंड मैदानात अडकतं आणि सेनापती मरतो घरगुती अवजाराने. ही उलटापालट कथाकाराने जाणून रचली आहे.

मग हे घडलं का? हासोरच्या उत्खननात इसवी सनपूर्व तेराव्या शतकातल्या मोठ्या आगीचे पुरावे मिळाले. ती कोणी लावली यावर वाद आहे. शिवाय ‘यहोशवा’ या पुस्तकात हासोरचा याबीन आधीच मारला गेला आहे आणि शहरही जळालं आहे. म्हणून याबीन या गोष्टीत नंतर जोडला गेला असावा, असं काही अभ्यासक मानतात. गीतात त्याचं नाव कुठेही नाही. तिथे लढायला येतात ते ‘कनानचे राजे’.