‘नेक जाड आहे’ म्हणजे नेमका कोठे?

पाऊस ओसरू लागला आणि किनाऱ्यावरची हॉटेले हंगामाच्या तयारीला लागली, की फोंडा-म्हापशाकडचे दोन-चार तरुण वादक दरवर्षी एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात: नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, जाड नेकची (डाव्या हाताने धरायच्या लांब दांड्याची) घ्यावी की पातळ नेकची? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या पाठोपाठ येणारे ‘माझी बोटे लहान आहेत, म्हणजे पातळच घ्यावी लागणार ना?’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. त्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते आणि त्यातली एकही जाडीशी थेट संबंधित नसते.

पातळ नेकची ओळख करून देण्यात मी जागा दवडणार नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या हातात पहिल्या दिवसापासून तोच असतो. इबानेझ कंपनीचा विझार्ड थ्री हा त्याचा परिचित नमुना असून त्याची जाडी पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) १९ आणि बाराव्या फ्रेटपाशी २१ मिलिमीटर असते. दुसऱ्या टोकाला गिब्सन कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या लेस पॉल गिटारीच्या धर्तीचे नेक येतात, जे पहिल्या फ्रेटपाशी सुमारे २३ आणि बाराव्यापाशी सुमारे २५ मिलिमीटर भरतात. फेंडर कंपनीचे आजचे बहुतेक नेक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतात. म्हणजे ज्याच्यावरून एवढे वाद रंगतात, तो सगळा फरक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवल्याइतका आहे.

लहान बोटांचा मुद्दा आधी निकालात काढू. बोट सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या जाड तारेपर्यंत पोहोचते की नाही, हे बऱ्याच अंशी नेकच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि दोन फ्रेटमधले अंतर कापता येते की नाही, हे तारेच्या लांबीवर. फेंडरची तार नटपासून (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारीच्या धडावरचा तारांचा टेकू) ६४८ मिलिमीटर, तर गिब्सनची सुमारे ६२८ मिलिमीटर असते. ज्याची बोटे आखूड आहेत, त्याने हे दोन आकडे आधी विचारावेत. नेक मागून दोन मिलिमीटर तासून घेतला, तरी पहिल्या आणि चौथ्या फ्रेटमधले अंतर कमी होत नाही.

आता मूळ घोळाकडे येतो. दुकानदार किंवा कंपनी जाडीचा जो आकडा सांगते, तो नेकच्या मध्यरेषेवर घेतलेला असतो: कॅलिपरचा एक जबडा फ्रेटबोर्डवर (नेकच्या पुढच्या, फ्रेट बसवलेल्या बाजूवर) आणि दुसरा पाठीच्या सर्वांत फुगीर जागी. तळहाताला मात्र मध्यरेषा फारच थोडी लागते. त्याला लागतात मध्यरेषेच्या दोन्ही बाजू, म्हणजे पाठ जेथून वळून फ्रेटबोर्डच्या कडेकडे चढत जाते तो भाग, ज्याला गिटार बनवणारे खांदा म्हणतात. खांदा भरीव ठेवला की तोच नेक हातात ठोकळ्यासारखा वाटतो आणि खांदा उतरता ठेवला की सडपातळ वाटतो, आणि कॅलिपरला यातले काहीच कळत नाही.

नारळ पाडणाऱ्या पाडेलीच्या कोयत्याची मूठ पाहा. एकाच जाडीच्या दोन मुठी घ्याव्यात, एकीच्या कडा रंधा मारून गोल केलेल्या आणि दुसरी चौकोनी राहू दिलेली. मोजले तर दोन्ही सारख्याच भरतील, पण पाच-सहा नारळ सोलून झाले की कोणती मूठ ‘जाड’ आहे, हे हातच सांगेल. नेकचेही अगदी तसेच आहे. सी आकारात खांदे सौम्यपणे उतरत जातात. डी आकारात पाठ चपटी आणि खांदे भरलेले असतात. यू आकारात बाजू जवळजवळ सरळ उभ्या राहतात. व्ही आकारात खांदे बरेचसे छाटलेले असून मधोमध एक कणा उरतो. म्हणूनच मध्यावर २४ मिलिमीटर भरणारा व्ही नेक पुष्कळांना २१ मिलिमीटरच्या यू नेकपेक्षा हलका वाटतो, आणि कागदावर पातळ असलेला चपट्या पाठीचा नेक काहींना कडेला बोचतो. नुसता ‘२१ मिलिमीटर’ एवढा आकडा ऐकून गिटार मागवणे म्हणजे केवळ छातीचे माप सांगून सदरा शिवून घेणे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण या अक्षरांवरूनही माणसे फसतात. १९६० च्या दशकातल्या फेंडर नेकच्या टाचेवर (धडाला जोडल्या जाणाऱ्या टोकावर) ए, बी, सी, डी यांपैकी एखादे अक्षर छापलेले असे. ते पाठीच्या आकाराचे नसून नटपाशी असलेल्या रुंदीचे होते. त्या हिशेबाने बी म्हणजे ४१.३ मिलिमीटर आणि सी म्हणजे ४४.५ मिलिमीटर. जुन्या नेकवर सी दिसला म्हणून तो सी आकाराचा, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

मग निवड कशावरून करावी? अंगठ्यावरून. ज्यांचा अंगठा नेकच्या पाठीवर मध्याशी टेकलेला असतो, मनगट किंचित पुढे आणि तळहात नेकपासून सुटा राहतो, त्यांना चपट्या पाठीचा पातळ नेक खरोखर सोयीचा पडतो. बोटांना पल्ला मिळतो आणि वेगवान सरगम वाजवताना हात पाठीवर अडकत नाही. याउलट ज्यांचा अंगठा नेकच्या वरून डोकावतो, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स ज्याने सहावी तार दाबत असे तसा, आणि ज्यांच्या वादनात तार ओढून मींडेसारखा स्वर चढवण्याला महत्त्व आहे, त्यांच्या हाताला आधार लागतो. तार ओढताना जोर बोटाने लावायचा नसतो. तर्जनीच्या मुळाशी नेक टेकवून मनगट फिरवायचे असते, आणि त्या टेकूला भरीव खांदा फार उपयोगी पडतो. अशा हातात अतिपातळ नेक दिला, तर तळहात आणि नेक यांच्यामध्ये पोकळी राहते आणि ती भरून काढण्यासाठी अंगठा नकळत चिमटा घेऊ लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कळंगुटला एका हंगामात रोज संध्याकाळी चार-चार तास वाजवताना माझ्याकडे पातळ नेकची गिटार होती, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा इतका दुखू लागला की चहाचा कप उचलतानाही कळ यायची. ‘पातळ नेकने हात थकत नाही’ या समजावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. जानेवारीत उसन्या आणलेल्या एका जाड, भरल्या खांद्यांच्या गिटारीवर उरलेला हंगाम काढला आणि दुखणे तीन आठवड्यांत ओसरले. माझा कल तेव्हापासून उघडपणे जाड नेककडे आहे, हे वाचकाने लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

जाड नेकने आवाज जाड येतो, हे मला कधीच पटलेले नाही. पिकअप (तारांचे कंपन टिपणारा चुंबकी भाग) बदलून जो फरक पडतो, त्यापुढे तो असला तरी नगण्य आहे. ताठरपणाचा फरक मात्र खरा आहे. रुंदी तीच ठेवून जाडी वाढवली, तर वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २० चे २३ मिलिमीटर झाले की तो साधारण दीडपट होतो. नेहमीच्या दहा-शेहेचाळीसच्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच, सर्वांत जाड ०.०४६ इंच) तारांचा एकूण ताण ४५ किलोंच्या वर जातो आणि तो नेकला बारा महिने पेलायचा असतो. आपल्याकडे जून लागताच हवेतला दमटपणा लाकडात शिरतो. पातळ नेक अशा वेळी अधिक लवकर हलतो, तारा कधी फ्रेटवर खरखरतात तर कधी उगाच उंच वाटतात, आणि ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या, त्याचा बाक सांभाळणाऱ्या सळईला, किल्लीने पाव फेरा द्यावा लागतो. ज्याला ती किल्ली हातात धरायची भीती वाटते, त्याने अतिपातळ नेकच्या वाटेला जाऊ नये.

याच दमट हवेमुळे आणखी एक गैरसमज पोसला जातो. मे महिन्यात घामेजलेला हात चकचकीत लॅकरच्या नेकवर चिकटतो, सरकत नाही, आणि वादक म्हणतो, ‘नेक जाड आहे.’ नेक जाड नसतो, तो चिकट असतो. पाठीवरून बारीक घासणी हलक्या हाताने फिरवून चकाकी उतरवली, की तीच गिटार अचानक ‘पातळ’ होते.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला मडगावच्या एका दुकानात नेले. विक्रेत्याने त्याच्या हाताकडे एक नजर टाकून सर्वांत पातळ नेक पुढे केला. मी खिशातून सोल्डरिंगची मऊ तार काढली, पहिल्या फ्रेटपाशी नेकच्या पाठीला घट्ट बसवली, अलगद सोडवली आणि वहीवर ठेवून पेन्सिलीने तिची कड उतरवून घेतली. आणखी तीन गिटारींचे तसेच केले. त्यातल्या दोन नेकची मध्यावरची जाडी तंतोतंत सारखी होती, पण दोरा गुंडाळून मोजला तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा घेर चार मिलिमीटरने वेगळा भरला. भाचा चारही आकृत्या एकमेकींवर धरून उजेडात पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मामा, ही तिसरी बघा, मधे बारीक आहे पण कडेला फुगली आहे. मघाशी हीच हाताला लागत होती.’ मग त्याने चारही गिटारी एकेक करून वीस-वीस मिनिटे वाजवल्या, पहिल्या फ्रेटवर बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची) आणि बाराव्याच्या आसपास ओढलेल्या तारा, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा वैताग न पाहिल्यासारखे करत २२ मिलिमीटरची, उतरत्या खांद्यांची एक जुनी गिटार उचलली, जी पुढे केलेल्या चारांत सर्वांत जाड होती.